राक्षसी ट्रकांची शर्यत

मुलांनो, जुन्या मोटारी चिरडत जाणारे ‘मॉन्स्टर ट्रक’ तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. हा खेळ अमेरिकेतला. १९८१ मध्ये मिसुरी राज्यातील बॉब चँडलर यांनी आपला ‘बिगफूट’ ट्रक जुन्या मोटारींवरून नेला. लोकांना ते इतके आवडले की पुढे ट्रकांच्या शर्यतीच होऊ लागल्या. १९८८ मध्ये ‘टीएनटी’ कंपनीने हंगामभराच्या शर्यतींना गुण देण्याची पद्धत सुरू केली. पहिले विजेतेपद ‘यूएसए-१’ ट्रकने पटकावले. या शर्यती टीव्हीवरून घरोघरी पोहोचल्या.

पण साडेपाच फूट उंच चाकांचा हा ट्रक ताब्यातून सुटला तर? त्यासाठी दुरूनच इंजिन बंद करणारी यंत्रणा त्यात बसवतात. आम्हांला वेगाइतकेच या सोयीचे कौतुक वाटते.