चिकोरी किती, ते कळले, बी कोणते?

जुन्या हुबळीत मी सून म्हणून आले त्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. माहेरी चहाचे राज्य होते. येथे मात्र पहाटे पितळी फिल्टरमधून ठिबकणाऱ्या डिकॉक्शनचा वास आधी जागा होई आणि मग घर. सासूबाई कॉफीच्या बियांना अजूनही ‘बुंद’ म्हणतात. अरबी भाषेत त्यांना ‘बुन्न’ म्हणतात, हे कळल्यावर या शब्दाने किती दूरचा प्रवास केला असेल याचे मला नवल वाटले होते.

बाजारातून पूड आणण्याचे काम माझ्याकडे असे. दळणाचे यंत्र सुरू करण्यापूर्वी दुकानदार एकच प्रश्न विचारी, “अक्का, चिकोरी किती?” मी शिकवलेले उत्तर देई, “सत्तर-तीस.” म्हणजे सत्तर भाग कॉफी आणि तीस भाग चिकोरी. ती सत्तर भाग कॉफी कोणती, हे त्याने कधी विचारले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

गेल्या हिवाळ्यात भाचेसून चिकमगळूरहून अर्धा किलो कॉफी घेऊन आली. चिकोरीचा कणही नसलेली, निव्वळ अरेबिका. सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, “वास छान आहे गं, पण रंग कुठे गेला?” आम्ही सर्व हसलो. पुढे विचार केल्यावर मात्र लक्षात आले, की ज्याला आपण इतकी वर्षे कॉफीचा रंग आणि दाटपणा समजत आलो, त्यातील बराचसा एका भाजलेल्या मुळाचा होता. चिकोरी हे मूळ. त्यात कॅफिन नाही. ते वाईट नव्हे, स्वस्त आहे आणि दुधाला चांगले पेलते. तथापि ते कॉफी नव्हे. म्हणूनच मिश्रणात निम्म्याहून अधिक, किमान ५१ टक्के, कॉफी असलीच पाहिजे, असा आपल्याकडे नियम आहे.

मग कॉफी म्हणजे काय? दुकानातील पाटीवर त्याचे उत्तर लिहिलेले असते. फक्त ते वाचता आले पाहिजे. ‘अरेबिका’ आणि ‘रोबस्टा’ या दोन जाती. अरेबिकाचे मूळ इथिओपियाच्या डोंगरांत. येमेनमध्ये तिची लागवड झाली. सतराव्या शतकात बाबा बुडन या सुफी साधूंनी तेथून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. तो डोंगर आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अरेबिका उंचावर, गारव्यात, झाडांच्या सावलीत वाढते. तिची चव सौम्य, सुगंधी आणि किंचित आंबटसर असते. रोबस्टा सखल भागात येते, रोगांना सहसा दाद देत नाही, आणि तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून ती कडू व भरदार लागते.

पाटीवरचे दुसरे शब्द फळावर काय संस्कार झाले ते सांगतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची सर आली की कॉफीची झुडपे जुईसारख्या वासाच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. आठ-नऊ महिन्यांनी अरेबिकाची फळे लाल होतात आणि ती हातानेच, पिकतील तशी खुडावी लागतात. कारण एकाच फांदीवर हिरवी व लाल फळे शेजारी असतात. ही फळे सोलून, बियांवरील चिकट गर सुटेपर्यंत, म्हणजे हवामानाप्रमाणे साधारण एक-दीड दिवस, त्या आंबवायच्या, मग धुऊन उन्हात वाळवायच्या. ही धुतलेली अरेबिका म्हणजे ‘प्लांटेशन’. धुतलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात. आंबवणे थोडे लांबले तर सारा घाणा कुबट होतो; इडलीचे पीठ ज्यांनी एखाद्या उन्हाळी रात्री विसरले असेल, त्यांना हे समजावून सांगायला नको. फळ न सोलता तसेच वाळवले तर ती ‘चेरी’. तिची चव जड आणि फळासारखी गोडसर. ‘ए’, ‘बी’ हे दाण्याचे आकार. ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी असते, ती ‘पीबेरी’.

मंगळूरच्या किनाऱ्यावरील ‘मान्सून्ड मलबार’ ही तर पावसाळ्याचीच निर्मिती. तेथील गोदामांत चेरीचे दाणे दमट वाऱ्यात पसरून ठेवतात. ते फुगतात, फिकट होतात आणि त्यांचा आंबटपणा निघून जातो. वाफाऱ्याच्या जहाजांपूर्वी युरोपला जाताना लागणाऱ्या कित्येक महिन्यांत दाण्यांची अशीच अवस्था होई, असे सांगतात.

हे सारे जाणण्याची आज गरज का? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आपल्या देशात अरेबिकाचे उत्पादन रोबस्टाहून अधिक होते. आज ते एकूण पिकाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. अरेबिकाच्या खोडात शिरणारा पांढरा खोडकिडा, पानांवरील तांबेरा, आणि भलत्या वेळी येणारा पाऊस यांनी बागायतदार थकतात आणि रोबस्टाकडे वळतात. १९२५ साली सुरू झालेल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने ‘एस. ७९५’सारखे कणखर वाण दिले. पण किड्याला अटकाव करणारी दाट सावली आणि एकेक लाल फळ निवडणारे हात यांचा खर्च शेवटी कोणीतरी दिलाच पाहिजे. २०१९ साली कोडगू, चिकमगळूर आणि बाबाबुडनगिरीच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशातील रसिक डोंगराचे नाव पाहून जास्त दाम मोजतात. हुबळीपासून काही तासांवर पिकणाऱ्या त्याच कॉफीचे नाव मात्र आम्हाला ठाऊक नसावे, ही आमचीच उणीव होय.

भगिनींना सुचवावेसे वाटते, की पुढच्या वेळी नेहमीच्या पुडीबरोबर १०० ग्रॅम ‘प्लांटेशन ए’ किंवा ‘पीबेरी’, चिकोरीविना, समोर दळून घ्यावी. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून पंधरा दिवसांत संपवावी. पहिला घोट दुधाविना घ्यावा; मग हवे तर दूध, साखर, आणि आपल्या रीतीप्रमाणे जायफळही घालावे.

परवा मी दुकानात गेले. “अक्का, चिकोरी किती?” त्याने विचारले. मी म्हटले, “आधी बी कोणते, ते सांगा.” त्याने यंत्रावरचा हात काढला, मागच्या तीन डब्यांची झाकणे उघडली आणि प्रत्येकातील मूठभर दाणे माझ्यापुढे कागदावर ओतले. इतकी वर्षे ते डबे तेथेच होते.

सासूबाईंशी तडजोड नव्वद-दहावर झाली. ते दहा भाग, त्या म्हणतात, रंगापुरते.