शाळेची वेळ, मुलांची वेळ: शिरूर आणि दौंड तालुक्यांतील प्राथमिक व अनौपचारिक शिक्षणाचा मागोवा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड हे तालुके भीमा नदीच्या दोन बाजूंना वसलेले असून दोन्ही पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतात. पुढे शिरूरमध्ये घोड आणि चासकमान या धरणांचे, तर दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आले आणि जिरायत शेतीच्या शेजारी उसाचे मळे उभे राहिले. पाणी आल्यावर अनेक कुटुंबे गावठाण सोडून आपापल्या मळ्यात राहू लागली, त्यामुळे गाव एक आणि वाड्या-वस्त्या अनेक अशी वसाहतीची रचना येथे रूढ झाली. या तालुक्यांतील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास पाहताना ही रचना आणि शेतीच्या हंगामाशी बांधलेले मुलांचे श्रम या दोन गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात, कारण शासनाच्या बहुतेक योजनांचे यशापयश अखेर त्यांच्यावरच ठरले.

मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, 1947 या कायद्याने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची तरतूद केली होती, परंतु ग्रामीण भागात शाळेचा खरा विस्तार झाला तो पंचायत राज्याच्या स्थापनेनंतर. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 नुसार 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे सोपवण्यात आल्या आणि तालुक्याच्या पातळीवर त्यांची देखरेख पंचायत समितीकडे आली. पुढील दीड दशकात गावोगावी शाळा निघाल्या आणि पहिलीतील पटसंख्या वाढली, तथापि पहिलीत दाखल झालेली मुले चौथीपर्यंत टिकत नव्हती. मूल मध्येच शाळा सोडते त्यास ‘गळती’ आणि त्याच इयत्तेत वर्षानुवर्षे अडकून राहते त्यास ‘स्थगन’ असे शिक्षणशास्त्रात म्हटले जाते. गुरे राखणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे आणि खुरपणी-काढणीला जाणे ही कामे ज्या घरांत मुलांवर, विशेषतः मुलींवर होती, तेथे सकाळी अकरा ते सायंकाळी पाच ही शाळेची वेळ मुळातच गैरसोयीची होती.

या अडचणीचे उत्तर म्हणून अनौपचारिक शिक्षणाची कल्पना पुढे आली. नेहमीच्या शाळेबाहेर, मुलांच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी, त्यांच्या जीवनाशी जोडलेला संक्षिप्त अभ्यासक्रम शिकवण्याची पद्धत म्हणजे अनौपचारिक शिक्षण. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव राहिलेले जे. पी. नाईक हे या विचाराचे प्रमुख पुरस्कर्ते होते. त्यांनी 1948 मध्ये मुंबईत स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था 1976 मध्ये पुण्यात आली आणि 1979 च्या सुमारास डॉ. चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शाळाबाह्य मुलांसाठी कृतिसंशोधनाचा प्रकल्प हाती घेतला. प्रत्यक्ष कार्य करीत असतानाच त्याचे निष्कर्ष काढून पुढची पावले बदलत जाणे, असे या संशोधनपद्धतीचे स्वरूप असते. साधारण 9 ते 14 या वयोगटातील मुलांसाठी सायंकाळी दिवसाची कामे आटोपल्यानंतर वर्ग भरत, शिकवणारी व्यक्ती गावातीलच असे आणि वर्गाच्या व्यवस्थेत ग्रामस्थांचा सहभाग अपेक्षित असे. परीक्षेचे भय टाळून मुलांनी एकत्र येऊन खेळ, गाणी आणि कृतींमधून आपले शिकणे दाखवावे, यासाठी ‘बालजत्रा’ भरवण्याची प्रथा या प्रकल्पाने रूढ केली.

केंद्र सरकारनेही 1979-80 मध्ये अनौपचारिक शिक्षणाची योजना सुरू केली, पण तिचा भर शैक्षणिकदृष्ट्या मागास ठरवलेल्या राज्यांवर होता आणि त्या यादीत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 1986 नंतर योजनेची व्याप्ती इतर राज्यांतील झोपडपट्ट्या, आदिवासी व डोंगराळ प्रदेश यांच्यापर्यंत नेण्यात आली आणि स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळू लागले. शिरूर-दौंडसारखे मैदानी, अवर्षणप्रवण तालुके या वर्गीकरणात सहज बसत नव्हते. 1990 च्या दशकातील जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या वेळी याचीच पुनरावृत्ती झाली. ज्या जिल्ह्यांत स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी आहे त्यांना प्राधान्य देण्याच्या निकषामुळे राज्यातून औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे जिल्हे प्रथम निवडले गेले. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत पुणे शहर मिसळलेले असल्याने पूर्वेकडील तालुक्यांची गरज त्या आकड्यात दिसणे अशक्यच होते. याउलट जे कार्यक्रम सर्व जिल्ह्यांना सारखे लागू झाले, त्यांचा लाभ येथेही पोहोचला. 1987-88 पासूनच्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले, तर 15 ऑगस्ट 1995 पासून सुरू झालेल्या पोषण आहार योजनेत प्रथम महिन्याला तीन किलो तांदूळ घरी दिला जाई आणि पुढे शाळेतच शिजवलेले अन्न मिळू लागले.

शाळेबाहेर पडलेल्या मुलांना पुन्हा कोणत्या प्रकारच्या शिक्षणात आणावे, या प्रश्नाचा एक वेगळा प्रयोग शिरूर तालुक्यातील पाबळ येथे झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून 1983 मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. हाताने काम करता करता त्यामागचे विज्ञान समजून घेणे, हे त्याचे सूत्र होते. जोडकाम, बांधकाम, शेती-पशुपालन, वीज आणि आरोग्य अशा गावाला उपयोगी पडणाऱ्या कामांतून मुले शिकत, आणि त्या कामांची सेवा गावकऱ्यांना मिळत असे. माध्यमिक शाळांसाठी याच सूत्रावर ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय विकसित झाला, तर औपचारिक शिक्षण अर्धवट सुटलेल्या तरुणांसाठी निवासी पदविका सुरू झाली. दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रियांसाठी 1898 मध्ये मुक्तिसदन उभारले होते. तेथेही अक्षरज्ञानासोबत विणकाम, छपाई आदी कामे शिकवली जात. म्हणजेच श्रम आणि शिक्षण यांना परस्परविरोधी न मानण्याची परंपरा या परिसरात शासकीय योजनांपेक्षा जुनी आहे.

विसावे शतक संपताना केंद्राची जुनी अनौपचारिक शिक्षण योजना गुंडाळली जाऊन तिच्या जागी शिक्षण हमी व पर्यायी शिक्षणाची योजना आली आणि ती सर्व शिक्षा अभियानाचा भाग बनली. महाराष्ट्रात याच सुमारास ‘वस्तीशाळा’ सुरू झाल्या. मूळ शाळेपासून दूर असलेल्या वस्तीवर, उपलब्ध जागेत, स्थानिक सुशिक्षित युवक-युवतीने मानधनावर चालवलेली छोटी प्राथमिक शाळा असे तिचे स्वरूप होते. मळ्यांत विखुरलेल्या शिरूर-दौंडसारख्या भागांना हे उत्तर नेमके लागू पडणारे होते, कारण ओढा किंवा कालवा ओलांडून गावठाणातील शाळेत लहान मुलांना, त्यातही मुलींना, पाठवण्यास पालक तयार नसत. मात्र वस्तीशाळेने अंतराचा प्रश्न सोडवला तरी वेळेचा सोडवला नाही, कारण ती भरली ती नेहमीच्याच शाळेसारखी. अनौपचारिक शिक्षणाचे दोन गुण होते: वेळेची लवचीकता आणि गावाशी जोडलेला शिक्षक. शासनाने दुसरा उचलला, तोही काटकसरीचा मार्ग म्हणून, आणि पहिला मागे सोडला. वस्तीशाळा शिक्षकांना नियमित सेवेत सामावले जाण्यासाठी 2014 पर्यंत वाट पाहावी लागली.

वेळेच्या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप ऊसतोड कामगारांच्या मुलांमध्ये दिसते. दौंडमधील पाटस आणि शिरूरमधील न्हावरे येथील सहकारी साखर कारखान्यांमुळे दिवाळीच्या सुमारास बीड-अहमदनगर भागांतून मजुरांच्या टोळ्या येत आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत जात. त्यामुळे मूल्यमापनाचे ऐन महिने मुले उसाच्या फडात घालवत. यासाठी राज्यात कारखान्यांच्या परिसरात ‘साखरशाळा’ चालवल्या गेल्या, मुलांनी मूळ गावीच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे निघाली आणि स्थलांतरित मुलाला कोणत्याही शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आली. रांजणगाव, शिक्रापूर-सणसवाडी आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वाढीनंतर परप्रांतीय कामगार व वीटभट्टी मजूर यांची मुले या प्रश्नात जोडली गेली.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयोगटातील प्रत्येक मुलाचा पूर्णवेळ औपचारिक शाळेवरील हक्क मान्य केला आणि शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद केली. कमी दर्जाचे समांतर शिक्षण गरिबांच्या माथी मारू नये, हा या भूमिकेमागील युक्तिवाद न्याय्य होता. त्याच काळात शिरूरमधील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने, ग्रामस्थांनी जमीन आणि श्रम दिल्यास सरकारी शाळाही पालकांची पहिली पसंती होऊ शकते, हे दाखवले. दुसरीकडे 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूहशाळांत विलीनीकरण करण्याचा विचार राज्यात पुढे आला. असा कमी पट वस्त्यांवरील शाळांमध्येच प्रामुख्याने आढळतो.

या वाटचालीतून निघणारा निष्कर्ष असा की, शाळा मुलाच्या जवळ नेण्यात शासनाला मोठे यश मिळाले, परंतु मुलाच्या वर्षाचे आणि दिवसाचे वेळापत्रक शाळेने कधी आपले मानले नाही. बालजत्रेने आणि पाबळच्या कार्यशाळेने जे सिद्ध केले ते नियमित शाळेत वेळापत्रकाच्या व मूल्यमापनाच्या रूपाने आले असते, तर साखरशाळा आणि विशेष प्रशिक्षण यांसारखी ठिगळे लावण्याची वेळ आली नसती. विलीनीकरणाने अंतर पुन्हा वाढवण्यापूर्वी, हा अपुरा राहिलेला भाग हिशेबात घेणे राज्यकर्त्यांसाठी आवश्यक ठरते.