रोजची पिग्मी

बँकेत असताना व्यापाऱ्यांना मी एक गोष्ट पुनःपुन्हा सांगत असे : महिनाअखेरीस मोठी रक्कम शिल्लक पडेल या भरवशावर राहू नका, रोज थोडे टाका. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली पिग्मी ठेव याच तत्त्वावर उभी होती. रोज दोन आणेसुद्धा त्यात चालत. निवृत्तीनंतर तोच धडा मला नातवापाशी नव्याने शिकावा लागला.

नातू अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तरी वळून पाहत नव्हता. "त्याचा बापही उशिराच बोलला," असे म्हणत आम्हा वडीलधाऱ्यांनी, आणि त्यांत मी सर्वांत पुढे, जवळजवळ एक वर्ष दवडले. अखेर तपासण्या झाल्या, विकासातील विलंबाचे निदान झाले आणि आठवड्यातून एकदा नांदेडहून लातूरला थेरपीसाठी जाणे सुरू झाले. तेथील ताई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "माझ्याकडे तो पाऊण तास असेल, उरलेला आठवडा तुमचा आहे."

आम्ही लगेच वेळ नेमून दिली : रोज सायंकाळी पाच ते सहा. मुलांच्या धान्याच्या दुकानात ती गर्दीची वेळ, तर घरात चौविहारापूर्वीच्या स्वयंपाकाची. सूनबाई तव्यावरची नजर न काढता त्याला ठोकळे रचायला सांगे, तो रडे, तेवढ्यात दुकानातून फोन येई. पंधरवड्यात सारे बंद पडले आणि ठपका मात्र तिच्यावर आला. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

पुढच्या भेटीत ताईंनी आमचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिनक्रम लिहून मागितला. त्यात त्यांनी नवे काहीच घातले नाही. जे रोज घडते त्यावरच खुणा केल्या. सकाळी सदऱ्याची एक बाही आपण चढवावी, दुसरी त्याने. दुधाचा पेला लगेच हाती देऊ नये. क्षणभर थांबावे, त्याने पाहिले किंवा बोट दाखवले की "दूध" असे स्पष्ट म्हणून द्यावा. मंदिरात तांदळाचा साथिया काढताना चिमटीने दाणे उचलणे हा बोटांचा व्यायाम. समोरच्याला हात जोडून "जय जिनेंद्र" करणे हे अनुकरणाचे शिक्षण. दुपारी दुकानात तूर आणि हरभरा वेगळे करणे, मापाने धान्य भरणे-ओतणे, अर्ध्या किलोची पुडी काकांपर्यंत नेऊन देणे. दाणे नाकातोंडात जाण्याचा धोका असतो, म्हणून मोठ्या माणसाने शेजारून उठायचे नाही. रात्री आजी चादरीची घडी घालते, तेव्हा दोन टोके त्याच्या हाती.

प्रत्येक काम दोन-पाच मिनिटांचे. पण ते कोणी करून घ्यायचे हे ठरलेले. पूर्वी सारे सूनबाईच्या खात्यावर होते, आता ते सहा जणांत वाटले गेले. मी जुन्या सवयीने वही घातली : तारीख, काम, करून घेणारा. आठवड्याने बेरीज केली तर रोजचा वेळ एका सामायिकाइतका, ४८ मिनिटांच्या आसपास, भरत होता. अर्थात प्रत्येक मुलाची गरज निराळी असते. कामे थेरपिस्टनेच ठरवून द्यावीत.

काही माहिती उपयोगी पडेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. लातूरजवळ हरंगुळ येथे जनकल्याण समितीचे 'संवेदना' केंद्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी काम करते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. थेरपीचा खर्चही त्यात येतो. अपंगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास आयकराच्या जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, तर अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट आहे. प्रमाणपत्र घेतले तर भावंडांच्या सोयरिकी अडतील, या भीतीने अनेक कुटुंबे ते काढतच नाहीत. अशा मुलाला लग्नकार्याच्या वेळी घरी ठेवण्याची रीतही त्याच भीतीतून आली. एका लग्नाला आम्हीही त्याला ठेवून गेलो होतो.

गेल्या पर्युषणात मात्र त्याला बरोबर नेले. साथिया काढायला त्याला वेळ लागला, एक बाजू वाकडीच राहिली. मागे रांग होती. कोणी घाई केली नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या शब्दांची नोंद आहे. आजवर अकरा झाले. पहिला "दूध" होता, अकरावा "नाना".