परजीवी विद्युतगळती (वाहन)

परजीवी विद्युतगळती म्हणजे वाहन बंद करून चावी काढल्यानंतरही बॅटरीतून वाहत राहणारा अनावश्यक विद्युतप्रवाह होय. रात्रभर उभे असलेले वाहन सकाळी सुरू झाले नाही की बॅटरी ‘उतरली’ असे म्हणतात आणि पुष्कळदा ती बदलून टाकतात. दोष तारांमध्ये किंवा एखाद्या उपकरणात असल्यास नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरते. वारंवार पूर्ण उतरणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात व तिची क्षमता कायमची घटते.

गळतीचे प्रमाण

थोडासा प्रवाह हा दोष नव्हे. आधुनिक मोटारीत संगणकीय नियंत्रण, घड्याळ इत्यादींसाठी साधारणतः २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. अशी उपकरणे नसलेल्या जुन्या मोटारीत तो जवळजवळ शून्य असावयास हवा. डिकीतील ५ वॅटचा दिवा पेटलेला राहिल्यास सुमारे ०.४ अँपिअर, म्हणजे दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने साडेतीन दिवसांत रिकामी होईल. इंजिन फिरविण्याचे बळ तर त्याआधीच संपते.

शोध

प्रथम बॅटरी पूर्ण भारित करावी, दिवे बंद करावेत, दारे लावावीत. त्यानंतर चौकटीला जोडलेल्या अग्राची तार सोडवितात. हे अग्र बहुधा ऋण असते; मात्र जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक वाहनांत धन अग्र चौकटीला जोडलेले आढळते. सोडविलेली तार व अग्र यांच्यामध्ये आधी १२ व्होल्टचा दिवा एकसर जोडणीत लावणे इष्ट. तो लख्ख पेटल्यास गळती मोठी आहे असे समजावे. दिवा पेटत नसेल तर त्याच्या जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर जोडतात. मीटर जोडलेला असताना इंजिन सुरू करू नये. स्टार्टरचा प्रवाह शंभर अँपिअरहून अधिक असू शकतो.

यानंतर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजमुळे आकडा खाली येतो, त्याच्या मंडलात दोष असतो. जुन्या वाहनांत फ्यूज मोजकेच असल्याने एकाच फ्यूजवर अनेक उपकरणे असतात, व ती पुन्हा एकेक करून सोडवावी लागतात. मूळ तारांपेक्षा नंतर बसविलेला रेडिओ, भोंगा किंवा गजर यांवर आधी संशय घेणे शहाणपणाचे. त्यांच्या तारा कित्येकदा थेट बॅटरीला जोडलेल्या असतात आणि कोणत्याही आराखड्यात सापडत नाहीत.

सर्व फ्यूज काढूनही प्रवाह कायम राहिल्यास भारण यंत्रणा तपासतात, कारण तिची मुख्य तार बहुधा फ्यूजपेटीतून जात नाही. अल्टरनेटरमधील डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा निकामी झाला तर बॅटरीतील प्रवाह उलट गुंडाळ्यांत शिरतो. डायनॅमो असलेल्या वाहनात हेच काम कट-आउट रिले करते. तिचे स्पर्शबिंदू चिकटले तर इंजिन थांबल्यावरही डायनॅमो बॅटरीशी जोडलेला राहून तापतो. तशा वेळी बॅटरीची तार ताबडतोब सोडवावी.

दोन्ही तारा सोडवून ठेवलेली भारित बॅटरीही एक-दोन दिवसांत उतरली, तर दोष वाहनात नसून बॅटरीत असतो, अथवा तिच्या झाकणावरील आम्लमिश्रित ओल्या मळातून प्रवाह एका अग्राकडून दुसऱ्याकडे जात असतो.