रायफल रेंजवर नेण्याआधी नळीतून बघा, काडतुसं वाचतील

निवडणूक लागली की परवानाधारकांना पोलिस ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. आचारसंहिता संपली की पावती दाखवायची आणि बंदूक घरी आणायची. मधल्या काळात ती एखाद्या खोलीत इतर बंदुकांना टेकून उभी असते, कुणी उचलून इकडची तिकडं ठेवतं. वरून काही बिघडलेलं दिसत नाही. पण रायफलवर दुर्बीण लावलेली असेल तर एक धक्का पुरतो. स्क्रू केसभर सरकला तरी १०० मीटरवर गोळी वीतभर बाजूला जाते. जीपच्या मागच्या सीटवर आडवी टाकून आणलेल्या रायफलचंही हेच होतं.

मग आपल्याकडं काय करतात? बांधावर डबा ठेवतात आणि दोन गोळ्या टाकून बघतात. हे अजिबात करू नका. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. डब्याच्या मागं ऊस असेल, पण उसाच्या मागं कोण खुरपतंय हे दिसत नाही. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी निष्काळजीपणे गोळी झाडली, तर शस्त्र कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. गोळी झाडून तपासायची जागा एकच, मान्यता असलेली रेंज. पण रेंजवर जाण्याआधी एकही गोळी न झाडता बरंच काम करता येतं. त्याला बोअर साइटिंग म्हणतात.

बोअर म्हटलं की आपल्याला आधी पाण्याची बोअर आठवते. इथं बोअर म्हणजे नळीचं भोक. मागून नळीतून आरपार बघायचं, नळी नेमकी कुठं रोखली आहे ते पाहायचं, आणि दुर्बिणीची फुली त्याच ठिकाणी आणायची, एवढीच ही पद्धत. तोफखान्यातही ही जुनी रीत आहे. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, तिथल्या तोफांचा आवाज आसपासच्या गावांना सवयीचा आहे. तोफेच्या तोंडावर खुणा केलेल्या असतात. त्यांवर उभा-आडवा दोरा ताणतात, मागून नळीतून लांबची एखादी खूण त्या दोऱ्याच्या फुलीवर धरतात आणि तोफेची दुर्बीण त्याच खुणेवर जुळवतात. आपल्या रायफलीची नळी बारीक असल्यानं दोरा लागत नाही, भोक हाच गोल.

हे सगळ्या बंदुकांना लागू नाही, ते आधी सांगतो. पीक संरक्षणासाठी किंवा स्वसंरक्षणासाठी शेतकऱ्याकडं असते ती बहुतेक ठासणीची नाहीतर बारा बोअरची, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची. तिच्या टोकाला नुसता मणी असतो, फिरवायला काही नसतंच. तिचं काम वेगळं आहे, खाली सांगितलं आहे. बोअर साइटिंग बोल्ट असलेल्या रायफलीचं. आपल्या राज्यात जुन्या घरांत सापडते ती पॉइंट ३१५, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची. तिचा बोल्ट मागून बाहेर निघतो, म्हणून नळीतून सरळ बघता येतं. लोक तिला अजून शिकारी रायफलच म्हणतात. नाव राहिलं, शिकार मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद झाली. रानडुक्कर पिकात शिरलं तरी वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. बिबट्याचा तर विषयच नको, दिसला तर १९२६ वर फोन करा.

घरी करायचं काम

सगळ्यात आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कपाटात कुलूप लावून ठेवा. मग मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये डोळ्यानं बघा आणि करंगळी घालूनही बघा. रिकामी आहे अशी खात्री झाली की घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला पुन्हा बघायला सांगा. त्यानंतर बोल्ट पूर्ण बाहेर काढून बाजूला ठेवा. बोल्ट बाहेर असलेली रायफल गोळी झाडूच शकत नाही. ही पायरी झाल्याशिवाय नळीला डोळा लावायचा नाही, आणि डोळा लावायचा तो मागच्या बाजूनं. तोंडाकडून कधीच नाही.

ठासणीची बंदूक असेल तर हा प्रयोग करूच नका. तिची नळी मागून बंद असते, म्हणजे बघायचं झालं तर तोंडाकडूनच बघावं लागेल. आणि आजोबांच्या काळातली बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे घरात कुणालाच खात्रीनं माहीत नसतं. ती परवानाधारक कारागिराकडं न्या.

आता स्क्रू. दुर्बीण ज्या कड्यांमध्ये बसते त्यांचे आणि खालच्या पट्टीचे स्क्रू हलतात का बघा. ढिल्या दुर्बिणीवर जुळवाजुळव करणं म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणं. नळीत तेलाचा थर असेल तर कोरड्या चिंधीनं पुसून काढा. तेलकट नळीतली पहिली गोळी नेहमीच भलतीकडं जाते.

खताच्या दोन जुन्या गोण्यांत निम्मी-निम्मी वाळू भरा. एक पुढच्या लाकडाखाली, एक दस्त्याखाली. रायफल त्यात अशी रुतवून बसवा की हात सोडला तरी जागची हलणार नाही. कुंपणाच्या आत, जिथं रस्त्यावरून कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी २५ मीटरवर भिंतीला पांढरा कागद लावा. त्यावर मधोमध काळा गोल काढा, १० सेंटिमीटर रुंदीचा. एवढ्या अंतरावर नळीतून साधारण वीतभर जागा दिसते, त्यामुळं हा गोल मधोमध आला की नाही ते चटकन कळतं.

नळीतून बघत बघत गोणी दाबून, सरकवून काळा गोल बरोबर मध्ये आणा. मग रायफलीला अजिबात धक्का न लावता डोळा वर घेऊन दुर्बिणीतून बघा. फुली गोलावर असेल तर काम झालं. नसेल तर दुर्बिणीचे दोन नॉब, वरचा आणि बाजूचा, फिरवून फुली गोलाच्या मध्यावर आणायची. पुन्हा नळीतून बघा, पुन्हा दुर्बिणीतून. रायफल हललेली असतेच, तीन-चार वेळा करावं लागतं. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

नॉबवर बाण असतात, तिथं बरेच जण फसतात. बाण गोळी कुठं सरकेल ते दाखवतो, फुली कुठं सरकेल ते नाही. गोळी उजवीकडं न्यायच्या बाजूला फिरवलं की फुली डावीकडं जाते. आपण इथं फुली हलवतोय, त्यामुळं सगळं उलट करायचं. बहुतेक दुर्बिणींचा एक क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे २५ मीटरवर पावणेदोन मिलिमीटरच. फुली २ सेंटिमीटर चुकली असेल तर ११ क्लिक लागतील. दोन-तीन क्लिक करून काहीच हललं नाही म्हणून दुर्बीण खराब ठरवू नका.

दुर्बीण नसेल, नुसती लोखंडी माशी आणि खाच असेल, तरी नळीतून बघून फरक कळतो. तिथं नियम असा: मागची खाच गोळी जिकडं न्यायची तिकडं सरकवायची, पुढची माशी त्याच्या उलट. पण माशी ठोकून सरकवणं घरी हातोडीनं करू नका.

२५ मीटरच का?

द्राक्षबागेत फवारणीच्या गनमधून निघालेली धार बघा. सरळ निघते आणि पुढं वाकते. गोळीचंही तसंच, फक्त वेग इतका की वाकणं दिसत नाही. सेकंदाला ६५० मीटर वेग धरला तर १०० मीटर जायला सेकंदाच्या सातव्या हिश्श्यापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात गोळी नळीच्या सरळ रेषेपासून ११-१२ सेंटिमीटर खाली आलेली असते.

दुसऱ्या बाजूनं, दुर्बीण नळीच्या वर साधारण ४ सेंटिमीटर असते. आपण दोन्ही रेषा २५ मीटरवर एकत्र आणल्या. त्याच्या पुढं दुर्बिणीची रेष नळीच्या रेषेखाली जाते, दर २५ मीटरला ४ सेंटिमीटर. म्हणजे १०० मीटरवर १२ सेंटिमीटर खाली. गोळीही जवळजवळ तेवढीच पडलेली असते, म्हणून २५ वर जुळवलेली रायफल १०० वर मधल्या गोलाच्या आसपास लागते. आणि हौसेनं १०० मीटरवर नळी जुळवली तर गोळी ११-१२ सेंटिमीटर खाली बसणार. अंतर जास्त म्हणून काम चांगलं, असं इथं नाही.

बाजारात लेझरची साधनंही मिळतात, काडतुसाच्या आकाराची किंवा नळीच्या तोंडात अडकवायची. काम सोपं होतं, पण तोंडात अडकवलेलं साधन काढायला विसरून गोळी झाडली तर नळी फुटते. माझ्या मते डोळा आणि दोन गोण्या पुरेशा आहेत.

रेंजवर

एवढं करून रायफल तयार झाली असं मात्र समजू नका. गोळी सुटताना नळी थरथरते, रायफल उसळते, आणि हे रिकाम्या नळीतून दिसत नाही. बोअर साइटिंगनं गोळी कागदावर येते, मध्यात आणायला झाडूनच बघावं लागतं. ऑलिंपिकमध्ये सुद्धा खेळाडूंना गुण मोजायच्या आधी साइटिंगच्या गोळ्या झाडू देतात. २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकणारा आपला स्वप्निल कुसळेही त्या झाडूनच सुरुवात करतो.

जाण्याआधी रेंजला फोन करून तुमचं बोअर तिथं चालतं का विचारा. १० मीटरच्या एअर रायफल रेंजवर पॉइंट ३१५ घेऊन गेलात तर हेलपाटा पडेल. परवाना मूळ प्रत सोबत, रायफल पिशवीत रिकामी, काडतुसं वेगळी.

सुरुवात २५ वरच करा आणि एका गोळीवर काही ठरवू नका. तीन झाडा, तिन्हींचा मध्य धरा. तो गोलाच्या मध्याखाली सेंटिमीटरभर आला तर काही फिरवू नका, या अंतरावर तो तिथंच यायला हवा. मग १०० वर तीन, लागले तर थोडे क्लिक, परत तीन. दहा-बारा काडतुसांत बहुतेक काम आटोपतं. न जुळवता गेलात तर पहिल्या पाच-सहा गोळ्या कागदालाच लागत नाहीत, आणि त्या कुठं गेल्या हे कळत नसल्यानं नॉब कुठं फिरवायचा तेही कळत नाही. काडतुसं परवान्यावर लिहिली आहेत तेवढीच मिळतात, म्हणून ही खटपट.

बारा बोअरवाल्यांनी रेंजवर ३०-३५ मीटरवर मोठा कागद लावून एक बार काढावा आणि छर्रे कुठं, किती पसरले ते पाहावं. मण्यावर धरलेल्या जागेपासून दाटी कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवायचं, बस. छर्रे जास्त पसरावेत म्हणून नळी कापायच्या भानगडीत पडू नका, तो गुन्हा आहे.

जुळवणी झाली की नॉबवरचे आकडे कागदावर लिहून परवान्याच्या कव्हरमध्ये ठेवा. आणि दुर्बिणीच्या प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, निम्मी स्क्रूवर आणि निम्मी कड्यावर. पुढच्या वेळी बंदूक ठाण्यातून परत घेताना ती रेघ तुटलेली दिसली, तर वाळूच्या गोण्या पुन्हा काढायच्या.