कृतज्ञतेची नोंदवही : लेखनाची प्रक्रिया, तिचे परिणाम आणि ऋणभावाचा प्रश्न

प्रस्तावना

कृतज्ञता लिहून व्यक्त करणे मराठी वाचकाला अपरिचित नाही. पीएच.डी.च्या प्रबंधाचा आरंभच ‘ऋणनिर्देशा’ने होतो. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, टंकलेखक आणि शेवटी कुटुंबीय हा त्यातील क्रमही जवळजवळ ठरलेला असतो. मात्र हे लेखन दुसऱ्याने वाचावे म्हणून केलेले असते. मानसशास्त्रात ज्या ‘कृतज्ञता नोंदवही’चा अभ्यास झाला आहे ती याहून भिन्न आहे. ती खाजगी असते, नियमित अंतराने लिहिली जाते आणि तिचा वाचक लिहिणारा स्वतःच असतो. विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याच्या निमित्ताने अशी वही लिहिण्याची सूचना आज महाविद्यालयीन वर्गातही केली जाते. म्हणूनच ही वही नेमके काय साधते आणि आपल्या भाषिक-सांस्कृतिक परिसरात तिच्या वापराला कोणत्या मर्यादा पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ प्रयोग

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या विषयाचा पाया मानला जातो. त्यांच्या पहिल्या प्रयोगात अमेरिकेतील पदवीच्या विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले आणि १० आठवडे, आठवड्यातून एकदा, प्रत्येकाकडून थोडक्यात नोंदी लिहून घेण्यात आल्या. पहिल्या गटाने गेल्या आठवड्यातील ज्या गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयाच्या होत्या, दुसऱ्याने त्रासदायक गोष्टी आणि तिसऱ्याने आठवड्यातील कोणत्याही परिणामकारक घटना. कृतज्ञतेच्या गटाला स्वतःचे आयुष्य एकंदरीत अधिक चांगले वाटले, येत्या आठवड्याविषयी त्यांची अपेक्षा अधिक आशादायी होती आणि त्यांनी शारीरिक तक्रारीही कमी नोंदवल्या. निबंधातील तिसरा प्रयोग स्नायू व मज्जातंतूंच्या विकाराने ग्रस्त प्रौढांवर २१ दिवस करण्यात आला. त्यात कृतज्ञतेची नोंद करणाऱ्यांची झोप वाढली. विशेष म्हणजे त्यांच्या मनःस्थितीतील फरक जोडीदारासारख्या निकटच्या व्यक्तींच्याही लक्षात आला. स्वतःविषयी स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीपेक्षा हा पुरावा प्रस्तुत लेखकास अधिक वजनदार वाटतो.

दुसऱ्या प्रयोगाचा उल्लेख लोकप्रिय लेखनात क्वचितच सापडतो. त्यात रोज नोंद घ्यावयाची होती आणि तिसऱ्या गटाला ‘इतरांपेक्षा आपण कोणत्या बाबतीत बऱ्या स्थितीत आहोत’ हे लिहावयास सांगितले होते. कृतज्ञतेचा गट त्रास लिहिणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे आनंदी आढळला; परंतु आनंदी भावनांच्या बाबतीत या तिसऱ्या गटाच्या तुलनेत तेवढा स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजेच वहीचा परिणाम किती, हे तिची तुलना कशाशी केली यावर अवलंबून राहते. पुढील काळातील संकलनात्मक अभ्यासांनीही हाच मुद्दा पुढे आणला. क्रेग आणि चीव्हन्स यांनी २०२१ मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार नैराश्य व चिंता यांच्या लक्षणांवर अशा उपक्रमांचा परिणाम अल्प आहे. त्यामुळे खिन्नतेने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे पाठवण्याऐवजी वही हाती देणे हे शास्त्राला धरून होणार नाही.

लेखनाने काय घडते

सुखद गोष्ट सवयीची झाली की ती जाणवेनाशी होते. ब्रिकमन आणि कॅम्पबेल यांनी १९७१ मध्ये मांडलेली ही कल्पना येथे उपयोगी पडते. नळाला वेळेवर आलेले पाणी आपल्या लक्षात राहत नाही. न आलेले दिवसभर राहते. वही या झुकलेल्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात थोडे वजन टाकते. मात्र वहीलाही सवय लागतेच. सोनिया ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नोंदवलेल्या प्रयोगात सहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला. आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. ‘आई, आरोग्य, घर’ अशी तीच यादी पुन्हा पुन्हा उतरली की तिचे श्लोकपाठांतर होते.

याउलट, कारण लिहिण्याची अट घातली तर नोंद सजीव राहते. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात सहभागींना आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहावयाचे होते. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरच्या मोजणीतही दिसला, आणि आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लेखन चालू ठेवले त्यांच्यात तो अधिक होता. ‘एस.टी. मिळाली’ ही नोंद आणि ‘मला धावत येताना पाहून वाहकाने घंटी दिली नाही, म्हणून पहिला तास चुकला नाही’ ही नोंद यांतील अंतर याच जागी आहे. दुसऱ्या वाक्यात एक माणूस आहे आणि त्याने घेतलेला निर्णय आहे. टेसर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्येच दाखवले होते की देणाऱ्याचा हेतू, त्याला पडलेली तोशीस आणि मिळालेल्या गोष्टीचे मोल यांवर कृतज्ञतेची तीव्रता ठरते. संस्कृत शब्दही हेच सांगतो : कृतज्ञ म्हणजे ‘केलेले जाणणारा’.

ऋण, उपकार आणि आभार

येथपर्यंतचे बहुतेक संशोधन अमेरिकन समाजातील आहे. आपल्या भाषेत मात्र कृतज्ञतेच्या शेजारीच ‘ऋण’ आणि ‘उपकार’ उभे असतात. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही कल्पना परंपरेने आपल्यापर्यंत आलेली आहे. ‘उपकारांचे ओझे’, ‘उतराई होणे’, ‘आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ हे वाक्प्रचार आपण सहज वापरतो. दुसरीकडे, घरातल्या माणसाचे आभार मानणे आपल्याला परकेपणाचे वाटते. अशा परिसरातील विद्यार्थिनी ‘वडिलांनी शेत गहाण ठेवून माझी फी भरली’ असे लिहिते, तेव्हा त्या वाक्याने तिला केवळ प्रसन्नता येईल असे गृहीत धरता येत नाही.

टिटोव्हा, वॅगस्टाफ आणि पार्क्स यांच्या २०१७ च्या तौलनिक अभ्यासात भारतीय सहभागींना कृतज्ञतेच्या लेखनानंतर सुखद भावनांबरोबरच खिन्नता आणि अपराधीपणाही जाणवल्याचे आढळले. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कृतज्ञता आणि ऋणभाव या दोन वेगळ्या अवस्था असल्याचे दाखवले होते : देणारा परतफेडीची जितकी अपेक्षा ठेवतो, तितकी घेणाऱ्याची कृतज्ञता कमी होते आणि ओझे वाढते. ज्या घरात ‘तुझ्यासाठी आम्ही एवढे केले’ हे वाक्य रोज ऐकू येते, त्या घरातील मुलामुलींची वही म्हणूनच जमाखर्चाची वही होण्याचा संभव अधिक असतो.

दुसरा धोका संस्थात्मक आहे. हेतू आणि तोशीस हे निकष मान्य केले तर हक्काने मिळणारी गोष्ट कृतज्ञतेचा विषय ठरत नाही. शिष्यवृत्ती उशिरा का होईना मिळाली, वसतिगृहात पाणी आले, यांबद्दल विद्यार्थ्याने कृतज्ञ राहावे असे सुचवणे म्हणजे त्याची रास्त तक्रार गोड शब्दांत मागे घ्यावयास लावणे होय. (तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकालाही थकलेले मानधन हाती पडल्यावर असाच उपदेश ऐकावा लागतो.) तक्रारीसाठी अर्ज असतो आणि तो लिहिण्याचे शिक्षणही महाविद्यालयानेच द्यावयाचे असते.

वर्गातील वापराविषयी

या दोन्ही कारणांमुळे वर्गात हा उपक्रम घ्यावयाचा झाल्यास काही पथ्ये पाळावी लागतील. वही ऐच्छिक असावी आणि अध्यापकाने ती तपासू नये. गुण ठेवले की तिचा पुन्हा ऋणनिर्देश होतो आणि प्राध्यापकांची नावे पहिल्या पानावर येतात. आठवड्यातून एक नोंद पुरेशी आहे. आरंभ आईवडिलांपासून न करता ज्यांचे देणे फेडावयाचे नाही अशा लहान, अनपेक्षित कृतींपासून करावा : ग्रंथालयात परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक शोधून देणारा कर्मचारी, वहीची पाने फोटो काढून पाठवणारी मैत्रीण. मिंक्यूंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तपासलेली पद्धतही वापरून पाहण्याजोगी आहे. तीत चांगली गोष्ट कशी घडली यापेक्षा ती कशी घडली नसती हे लिहावयाचे असते, आणि अशा लेखनाने मनःस्थिती अधिक सुधारल्याचे त्यांना आढळले. फी भरलेल्या वडिलांविषयी लिहावेसे वाटलेच, तर विद्यार्थिनीने ते जरूर लिहावे. मात्र त्या नोंदीनंतर मन जड झाले तर लेखन थांबवण्याची मोकळीक तिला आहे, हे अध्यापकाने पहिल्याच तासाला सांगून ठेवावे.