गाडी लागते, की गाडीचा धूर लागतो?

मैत्रिणींनो, प्रवासाला निघताना आपल्या पर्समध्ये आवळासुपारी, लिंबू आणि एखादी प्लॅस्टिकची पिशवी असतेच. का, तर मुलांना गाडी लागते! आमच्या धाकटीलाही लागते, असे मी चांगले दोन महिने धरून चालले होते. पण लागत होती ती गाडी नव्हे, गाडीचा धूर.

झालं असं, की आम्ही एक जुनी पेट्रोलची गाडी विकत घेतली. डिसेंबरात सगळे मिळून साताऱ्याहून पाचगणीला निघालो. थंडी म्हणून मागच्या काचा बंद. वाई सोडून पसरणीचा घाट लागला आणि धाकटी डोकं धरून बसली. मी सवयीने सुपारी पुढे केली. पाच मिनिटांनी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मलाही गरगरतंय." आता सासूबाईंना आयुष्यात कधी एस्टीसुद्धा लागलेली नाही! तोवर माझंही कपाळ ठणकू लागलं होतं. यांना मात्र काही नाही, कारण यांची काच बोटभर उघडी होती.

पाचगणीला मोकळ्या हवेत बसलो, तेव्हा तासाभरात हळूहळू सगळ्यांना बरं वाटलं. पुन्हा गाडीत शिरताना मला वास जाणवला. एस्टी स्टँडवर सुरू गाडीच्या मागे उभं राहिल्यावर येतो ना, अगदी तसाच. "अहो, धुराचा वास येतोय." "जुनी गाडी आहे, येणारच," हे म्हणाले. पण मी हट्टच धरला. चारही काचा उघड्या टाकून, शाली गुंडाळून आम्ही घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला नेली.

मिस्त्रींनी गाडी वर उचलून बॅटरीचा उजेड टाकला. "वहिनी, हे बघा. सायलेन्सरच्या पाइपाचा जोड फुटलाय, ही काजळी दिसते का? आणि डिकीचं रबरही गेलंय. धूर खालून सुटतो आणि मागून आत शिरतो." काम एका दिवसाचं होतं, आणि आम्ही दोन महिने सुपारी चघळत होतो!

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, हे आपल्या आजीनेही सांगितलेलं असतं. तोच कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीच्या धुरात असतो. त्याला स्वतःचा वास नाही, रंगही नाही. आपल्याला येतो तो धुरातल्या इतर पदार्थांचा वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीराची प्राणवायूवाचून उपासमार होते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, झोप येणे ही त्याची लक्षणं. मुलं, गरोदर बायका, वृद्ध आणि हृदयरोगी यांना त्याचा धोका अधिक. नाक वासाला सरावतं, म्हणून वास येईनासा झाला तरी धोका टळला असं समजू नका.

आता दोष कुठे आहे, ते कसं ओळखायचं? वास कधी येतो, ते आधी पाहा.

सिग्नलला गाडी उभी असताना, पंखा लावल्यावर वास आला, तर गळती बहुधा पुढे इंजिनाजवळ असते. पंख्याची हवा पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत येते, तिच्याबरोबर धूर येतो. तिथल्या जोडातलं गॅस्केट म्हणजे आपल्या कुकरची रिंगच म्हणा ना! ती गेली की वाफ बाजूने सुटते, तसंच हे. सकाळी थंड गाडी सुरू करताना टिकटिक किंवा फटफट आवाज येतो, तो यामुळेही असू शकतो.

चालत्या गाडीत मागच्यांनाच वास येत असेल, तर डिकीचं रबर, मागच्या दिव्यांची रबरं आणि गंजून भोक पडलेला पत्रा तपासून घ्या. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे धूर तिथेच घोटाळतो आणि फटीतून आत ओढला जातो. म्हणून सामान मावत नाही म्हणून डिकी उघडी बांधून प्रवास कधीच करू नये.

रबर घरीही तपासता येतं. डिकीच्या कडेला कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा. पट्टी अलगद निसटली, तर तिथे रबर सैल आहे. गाडीखाली डोकवायचं ते इंजिन बंद आणि पूर्ण गार झाल्यावरच. जोडापाशी काळी काजळी दिसली, तर ती मिस्त्रींना दाखवा.

वासावासांतही फरक असतो बरं का! जळक्या तेलाचा वास म्हणजे इंजिनाचं तेल तापल्या पाइपावर ठिबकत असेल. गोडसर वास कूलंटचा. कच्च्या पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नये, मिस्त्रींना जागेवर बोलवावं.

दुरुस्ती कायमची करून घ्या. गॅस्केट बदलणे, पाइप वेल्ड करणे किंवा बदलणे, नवं रबर बसवणे. नुसती पट्टी गुंडाळून किंवा लांबी भरून ते काम फार दिवस टिकत नाही. आणि "पीयूसी आहे की!" या उत्तरावर समाधान मानू नका. ती तपासणी मागच्या नळीतून निघणाऱ्या धुराची, आत शिरणाऱ्याची नव्हे.

वाटेत वास आला तर सगळ्या काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, उतरा. कुणाला त्रास होत असेल तर दवाखाना गाठा, आणि "गाडीत धूर होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी चांगला आकडा दाखवून फसवतो. बंद गाडीत एसी लावून झोपणं, बंद गॅरेजात गाडी चालू ठेवणं, हे तर कधीच नको.

आवळासुपारी पर्समध्ये असू द्या. पण एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, तर सुपारीआधी काचा उघडा!